शुक्रावरचा डॉक्टर आणि देवपूरचे आळशी वाचक

९ मे १९८८
वाचनालयात भांडण. ग्रंथपाल लताबाई म्हणतात, जुन्या विज्ञान कादंबऱ्या कोणी नेत नाही, महिनाअखेर रद्दीत. त्या जागी गाईडं. गाईडं! चौथी नापास मी, या कादंबऱ्यांच्या जोरावर मोटार रिवाइंडिंगचं दुकान उभं केलं. बजावून आलो: वाचकांची रांग लावतो, कपाटाला हात लावायचा नाही. बाई म्हणाल्या, "लावा."

१२ मे
लोटनच्या चहाच्या टपरीवर शुक्रावरच्या डॉक्टरची कादंबरी सुचवली. रंगात आलो. शेवटी त्याची बायकोच यंत्र निघते, इथपर्यंत सांगितलं. लोटनने डोळे पुसले. काम फत्ते.

१८ मे, संध्याकाळ
एकही माणूस फिरकला नाही. लोटनला झापलं. तर म्हणतो, "आबा, माले बठ्ठं माहीत शे. आते पुस्तक कसाले लेऊ? दुसरी सांगा ना!" सगळं माहीत, म्हणून पुस्तक नको म्हणे! आळशी कुठला! संतापाच्या भरात दुसरी सांगितली. शेवटासकट.

२४ मे
आपले कान तिखट. वाचनालयाच्या खिडकीबाहेरून ऐकलं. शुक्राची कादंबरी नेणाऱ्या एकट्या पुष्पाबाई मास्तरीण. लताबाईंना सांगत होत्या, "अहो, तो डॉक्टर ब्रह्मचारी आहे! बायको कुठली? आबा टपरीवर सांगतात तीच गोष्ट बरी." म्हणजे बाईंनी पानं गाळली. शिक्षकच असे, मग देश अंतराळात जाणार कसा?

३१ मे
रद्दीवाल्याची हातगाडी आली. दारात आडवा उभा राहिलो. लताबाई नरमल्या. म्हणाल्या, "एक ठेवते. सगळ्यात चांगलं तुम्हीच निवडा, आबा." सगळ्यांना एकच लाल बाइंडिंग, पाठीवरची नावं पुसलेली. "उघडून बघा," म्हणाल्या. डोकंच फिरलं. मोटार न खोलता बिघाड सांगणारा माणूस मी! हातावर तोलून एक काढलं. शुक्रच. ते माझ्या नावावर घरी आणलं. बाकी सगळी गाडीत.

१ जून
उघडलं. 'कोंबड्यांचे रोग व उपाय.' कपाटावर नुसतं 'विज्ञान' लिहिलं की असंच होणार! लताबाईंना उद्या सुनावतो.

दुपारी
दोन पानं वाचली. भाषा साधी, मांडणी पक्की. हल्ली असं कोण लिहितं? लोटनने वाचलंच पाहिजे.