पोथीनंतर लावलेली कादंबरी

प्रिय राजेश्वरी,

फोनवर आपलं बोलणं होतंच, तरी हे कागदावर लिहितोय. तुला एक विचारायचं आहे आणि तुझा आवाज ऐकला की माझी जीभ जड होते. चौथीपर्यंतची माझी शाळा, त्यात लिहायची सवय नाही. अक्षर लागलं नाही तरी जावईबापूंकडून वाचून घेऊ नकोस, तूच दोनदा वाच. विचारायचं ते शेवटी लिहीन. आधी गावात काय चाललंय ते सांगितल्याशिवाय मला धीर यायचा नाही.

श्रावणात महादेवाच्या देवळात नेहमीसारखी पोथी लावली होती. मी वाचायचो, बलभीम अर्थ सांगायचा. पोथी संपली, समाप्तीचं जेवण झालं, तरी दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला लोक सवयीनं येऊन बसले. वाचायला काहीच नाही. मला उगाच घाम फुटला, जणू माझीच चूक. तुळजाबाईची नात शिवांजली लोहाऱ्याला कॉलेजात जाते, तिनं पिशवीतनं एक कादंबरी काढली. आजकालची, प्रेमाची. पुण्यातली एक मुलगी आणि तिच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा एक मुलगा. नको नको म्हणत मी चष्मा लावला.

तोंडात पोथीची चाल बसलेली. ‘तिनं मोबाईल चार्जिंगला लावला’ हे वाक्यसुद्धा हेल काढून वाचलं गेलं. बलभीमनं लगेच हात जोडले आणि अर्थ सांगितला, की श्रोतेहो, मन शिणलं की त्यालाही असंच कुठंतरी जोडावं लागतं. लोकांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून देऊळ श्रावणापेक्षा जास्त भरू लागलं, आणि माझी झोप उडाली.

कारण एकाला आवडलं की दुसऱ्याला खटकायचं. तुळजाबाई म्हणाली, ही दोघं दिवसभर एकमेकांना तुला काय वाटतं एवढंच विचारतात, भाकरी कोण थापतं? रागानं उठून गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या ओट्यावर आमच्याकडं पाठ करून बसू लागली. माझा आवाज पडला की तिथनंच हुकूम यायचा, जरा मोठ्यानं वाचा. पोरांना नायक फार मऊ वाटला. बलभीमच्या सुनेचं म्हणणं, आपला कप आपण विसळणारा पुरुष जगात नाही, सबब पुस्तक खोटं. तरी ती एक दिवस चुकली नाही. माझ्या वयाच्या माणसानं देवळात हे वाचावं का, अशी तक्रार कुणी करील म्हणून मी रोज घाबरायचो, आणि दुपारपासूनच धुतलेला सदरा काढून ठेवायचो.

पार्वतम्मा तुला आठवत असेल. नवरा गेल्यापासून पिठाची गिरणी एकटीच चालवते. तिला वाचता येत नाही, पण खांबाशी बसून कान देऊन ऐकते. एकदा असं पान आलं की देवासमोर माझ्यानं वाचवेना. गुपचूप उलटलं. ती लगेच म्हणाली, “अप्पा, मधलं पान खाल्लंत तुम्ही. आत्ता भांडत होती, एकदम हसत चहा कशी प्यायला बसली?” सगळं देऊळ हसलं. बलभीम म्हणाला, याचा अर्थ मी सांगणार न्हाय. दुसऱ्या दिवशी दळण आणायला गेलो तर तिनं गिरणी बंद केली आणि त्या पानावर काय होतं ते विचारलं. मी भिंतीकडं बघत सांगितलं. ती हसली नाही. मग मी रोज दळण नसतानाही जाऊ लागलो.

परवा कादंबरी संपली. मुलगी घरात कुणालाच न विचारता त्याच्याकडं निघून जाते. केवढा गलका झाला. तुळजाबाई पहिल्यांदाच आत आली, म्हणाली, आईबापाला विचारलं असतं तर काय झिजली असती का? बलभीम म्हणाला, आणि ते नाही म्हणाले असते तर? पोरं एकीकडं, म्हातारी माणसं एकीकडं. तेवढ्यात पार्वतम्मा बोलली, “घरच्यांना विचारावं. पण विचारताना भीक मागू नये.” मला मान वर करता आली नाही, कारण त्याच सकाळी गिरणीत आम्ही दोघं आमच्याबद्दल बोललो होतो.

तर राजी, विचारतो. पार्वतम्मा आणि मी लग्न करावं म्हणतो. तुझ्या गेलेल्या आईची जागा तिला नको आहे, मीही ती देत नाही. तिचा मुलगा बसवेश हो म्हणाला. आता तुझं राहिलं. लोक हसतील, सासरी तुला बोलतील, सगळं मी आधीच घाबरून घेतलंय, तरी छाती पोरासारखी धडधडते. ती म्हणते, राजेश्वरी नको म्हणाली तर आपण रोज देवळात बसून दुसरं पुस्तक ऐकू. पण पोरी, तेवढ्यावर माझं भागायचं नाही.

तुझ्या होकाराची वाट बघणारा, तुझाच
अप्पा