सहावीतून पहिलीत जाणारी शाळा

सर, जर्मनच्या परीक्षेत मी नापास झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या खोलीचं दार वाजवलं ते रडायची पूर्ण तयारी करूनच. तुम्ही कागदांतून मान वर केलीत आणि म्हणालात, "बसा. कोणत्या विभक्तीत चुकलात?" माझं रडणं राहूनच गेलं. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण तुमचं 'यू' मला पहिल्या दिवसापासून 'तुम्ही'सारखंच ऐकू आलं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची, पुण्याहून केमिस्ट्रीत पीएच.डी. करायला अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या युनिव्हर्सिटीत आलेली. रसायनशास्त्राचे जुने पेपर जर्मनमध्ये असायचे, म्हणून आमच्या डिपार्टमेंटचा नियम होता की प्रत्येकाने जर्मन वाचता येतं हे सिद्ध करायचं. डिक्शनरी जवळ ठेवून दोन पानं इंग्रजीत उतरवायची आणि जर्मनचे प्राध्यापक म्हणून ती तुम्ही तपासायची, एवढंच. पण संधी दोनच. दुसऱ्यांदा नापास झालं की मास्टर्सवर समाधान मानून घरी परत. माझी रूममेट नागपूरची, इंजिनियरिंगची. ती म्हणाली, "यार, बेन्झीनला विभक्ती असते का? कशाला छळतात?" मला हसू आलं नाही. घरी बाबांनी सगळ्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलं होतं की मुलगी डॉक्टर होऊन येणार.

तुम्ही माझी उत्तरपत्रिका वाचलीत आणि बोललात ते मला अजून लागतं. "तुम्ही वाचत नाही. शब्द पाहता आणि बाकीचा अंदाज करता. अंदाज म्हणजे लिहिणाऱ्याचा अपमान." माझे कान तापले. मग विचारलंत, विभक्ती हा प्रकार कधी ऐकलाय का? मी म्हटलं, शाळेत संस्कृत होतं, आठ विभक्त्या पाठ केल्यात. "म्हणून दाखवा," तुम्ही म्हणालात. आणि मी, पेनसिल्व्हेनियातल्या त्या खोलीत, खुर्चीच्या कडेवर बसून 'रामः रामौ रामाः' सुरू केलं. तुम्ही डोळे मिटून बोटाने टेबलावर ठेका धरलात. माझं संपल्यावर तुम्ही त्याच ठेक्यात लॅटिनमधलं असंच एक शब्दरूप म्हणालात. मग म्हणालात, दर गुरुवारी चार वाजता या.

पुढच्या गुरुवारी तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पान पुढे ठेवलंत. जर्मनीत लहानपणी तुम्ही ज्या शाळेत होतात तिचा मोठा वर्धापनदिन येत होता, आणि जुन्या विद्यार्थ्यांकडून शाळेने आठवणी मागवल्या होत्या. तुम्ही पन्नास वर्षांत स्वतःविषयी जर्मनमध्ये एक ओळ लिहिली नव्हती. "मी थोडं थोडं लिहितो," तुम्ही म्हणालात, "तुम्ही इंग्रजीत करून आणा. तुम्हाला कळलं तर मला लिहिता आलं असं समजेन."

अशी ती शाळा मला आठवड्याला एक पान याप्रमाणे कळत गेली. आमच्या स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या टेबलावर, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, मी डिक्शनरी उघडून बसायची. साधू निघून गेलेल्या एका मठात गावाच्या पंचांनी काढलेली शाळा. साधूंच्या कोठड्या पाडून केलेले वर्ग, जाड भिंती, हिवाळ्यात दौतीतली शाई घट्ट व्हायची. दहाव्या वर्षी मुलगा आत यायचा तो सगळ्यात खालच्या वर्गात, आणि त्या वर्गाचं नाव सहावी. तिथून चढत चढत पहिलीत पोचायचं. मी हे रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपण सगळे पहिलीत बसलो तेव्हाच तिकडचे मॅट्रिक." एकेकाळी म्हणे तिथे सुट्टीतसुद्धा लॅटिनच बोलायचा नियम होता, आणि कोण घरची भाषा बोललं ते मास्तरांना सांगायला मुलांतलाच एक नेमलेला असायचा. तुमच्या काळी तो नियम गेला होता, पण लॅटिनचे तास रोजचे, मग ग्रीक, आणि विज्ञान आठवड्यातून दोनदा, तेही मठाच्या जुन्या कोठारात. "तुमच्या केमिस्ट्रीला तिथे बटाट्यांच्या जागी ठेवलं होतं," तुम्ही म्हणालात. मास्तर वर्गात आले की उभं राहायचं, उत्तर देताना उभं राहायचं, चूक झाली की बस म्हणेपर्यंत उभंच. कोणी शाबास म्हणत नसे. बरोबर आलं तर पुढच्या मुलाकडे वळत.

मी एकदा विचारलं, तुम्हाला ती शाळा आवडायची का? तुम्ही खिडकीतून खाली थांबलेली कॅम्पसची बस पाहत होतात. "मी चाळीस वर्षं तिचा द्वेष केला," तुम्ही म्हणालात, "आणि चाळीस वर्षं अगदी तिच्यासारखंच शिकवलं."

मार्च महिना आहे, बर्फ काळं होऊन रस्त्याच्या कडेला पडलंय. माझ्या परीक्षेला दोन आठवडे राहिलेत आणि तुमचं शेवटचं पान माझ्यापुढे आहे. तुम्ही ज्यू होतात. नाझी सत्तेवर आल्यावर काही काळाने, तुम्ही पंधरा वर्षांचे असताना, वर्गात चिठ्ठी आली की या मुलाने पुस्तकं घेऊन निघावं. तास लॅटिनचा होता. मास्तरांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, खिशात घातली. तुमच्या बाकावरचा मित्र वहीत डोकं घालून बसला. तुम्ही दारापर्यंत पोचलात तेव्हा मास्तर काहीतरी बोलले. त्यानंतरचं वाक्य मी इंग्रजीत असं केलं, की त्यांनी मला सोडून दिलं, माझी आशा सोडली. मला ते अगदी जुळणारं वाटलं. दुसरं काय असणार?

गुरुवारी तुम्ही ते वाचलंत आणि चष्मा काढून टेबलावर ठेवलात. मला वाटलं, दुःखाने. मग तुम्ही मूळ पान माझ्याकडे सरकवलंत.

"वाचा. क्रियापदानंतर कोणता शब्द आहे?"

"मीर," मी म्हणाले.

"मिख नाही?"

"नाही. मीर."

"मग विभक्ती?"

"चतुर्थी." आणि म्हणता म्हणता माझी चूक मला दिसली. त्या क्रियापदाचे दोन अर्थ होते. द्वितीयेबरोबर, एखाद्याला सोडून देणं. चतुर्थीबरोबर, एखाद्याला घरचा अभ्यास देणं. मराठीत 'मिख' आणि 'मीर' दोन्हीचं 'मला'च होतं, त्यामुळे माझ्या कानाला फरकच लागत नव्हता. मी पुन्हा अंदाज केला होता.

"त्यांनी मला अभ्यास दिला," मी हळूच म्हणाले.

"बारा ओळी. उद्यासाठी," तुम्ही म्हणालात. "सगळ्या वर्गाच्या देखत. उद्या मी येणार नाही हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मला वाटलं, चेष्टा करतायत. नाहीतर घाबरलेत, काहीच घडलं नाही असं दाखवतायत. तुम्ही जे भाषांतर केलंत ना, तेच मी आयुष्यभर करत आलो. पण लिहिताना हाताने बरोबर लिहिलं."

"तुम्ही केलात तो अभ्यास?"

"बोटीवर. अमेरिकेला येताना, आईशेजारी बसून." मग तुमचा आवाज नेहमीसारखा झाला. "परीक्षेत असं केलंत तर घरी जाल. दुरुस्त करा."

मी पास झाले, सर. डिपार्टमेंटच्या फळ्यावर यादी लागली तेव्हा मी माझं नाव तीनदा वाचलं, एकेक अक्षर, अंदाज न करता. तुम्हाला सांगायला धावत आले तर तुम्ही फक्त मान हलवलीत आणि दारात उभ्या असलेल्या पुढच्या विद्यार्थ्याकडे वळलात. मला शाळा माहीत होती, म्हणून त्या वळण्याचा अर्थही कळला. जिना उतरताना मी एकटीच हसत होते.

त्या उन्हाळ्यात तुम्ही शाळेच्या समारंभाला जर्मनीला गेलात. सप्टेंबरात मला बोलावून बदामाच्या मिठाईचा डबा दिलात. घरी नेला तर रूममेटने तो दहा मिनिटांत संपवला. पण त्याआधी, तुमच्या खोलीत, तुम्ही जे सांगितलंत ते तुमच्या चेहऱ्यासकट मला आठवतं. शाळेत आता मुलीही होत्या. लॅटिन शिकवायला एक तरुण बाई होती. तिने तुमचा लेख वाचला आणि तुम्ही पोचायच्या आधी दप्तरखान्यात बसून तुमच्या वर्गाचं हजेरीपुस्तक शोधून काढलं. काढून टाकलेल्या मुलांची नावं खोडायचा हुकूम होता, आणि दुसऱ्या वर्गांच्या पुस्तकांत ती खोडलेलीही होती. तुमचं खोडलेलं नव्हतं. चिठ्ठी आली त्या दिवसापासून ईस्टरला वर्ष संपेपर्यंत, लॅटिनच्या रोजच्या तासाला, तुमच्या नावापुढे मास्तरांच्या अक्षरात एकच शब्द होता. गैरहजर.

"याने कोणी वाचलं नाही," तुम्ही म्हणालात. "मागे राहिलेले माझे काका वाचले नाहीत. मास्तरांनी यापेक्षा जास्त करायला हवं होतं, हे मी त्या बाईलाही सांगितलं. पण मी तिथे नाही, हे कुणीतरी रोज लिहीत होतं." मास्तर युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात गेले होते, विचारायला कोणी उरलं नव्हतं. तुम्हाला विचारायचंही नव्हतं. तुम्ही खुर्चीत मागे रेललात. तुम्हाला रेललेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. अंगावरून जड कोट काढल्यावर माणूस बसतो तसे बसला होतात, आणि मग मला विचारलंत, "तुमच्या त्या राम शब्दाचं चतुर्थीचं एकवचन काय?" मी 'रामाय' म्हणाले. तुम्ही चक्क "शाबास" म्हणालात.

पीएच.डी. संपवून मी न्यू जर्सीला नोकरीला लागले, लग्न झालं, तिथेच पिस्कॅटवे गावात घर घेतलं. तुम्ही गेल्याचं मला रूममेटच्या फोनवरून कळलं. तिचा आवाज भरून आला होता, आणि ती तर तुम्हाला एकदाच भेटली होती. मी फोन ठेवला, चहा केला, लेकीला डेकेअरमधून आणायला गाडी काढली. सिग्नलला थांबले तेव्हा लक्षात आलं की मला रडू येत नाहीये. मला सुटल्यासारखं वाटत होतं. ते हजेरीपुस्तक बघायला तुम्ही वेळेत पोचलात, एवढंच मनात येत होतं, आणि त्या आनंदात तुम्ही गेलात याचं दुःख करायचं मी विसरले. तिथे दुःखी चेहरा करता आला नसता, म्हणून तुमच्या शोकसभेलाही गेले नाही. रूममेटला बर्फ पडतंय असं सांगितलं. त्या दिवशी बर्फ नव्हतं, सर, चांगलं ऊन होतं.