बंदुकीला टेकवलेला काटा

येलहंका, बेंगळूर

तीर्थस्वरूप देवाप्पाअण्णांना योगीराजचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे मी आणि तुमची बहीण शालन बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

रोशनला पकडल्याचं तुम्हाला माहीत आहेच, पण फोन लावला की शालन रडते, म्हणून सगळं कधी सांगता आलं नाही. पोरगा मसाले घरपोच देतो म्हणायचा आणि मी चार लोकांत कौतुकाने सांगायचो. दसऱ्यानंतर पोलीस आले. कपाटातल्या मसाल्याच्या डब्यांत गांजा निघाला (वरून धणे, म्हणजे डोकं आहे पोराला), आणि त्याच कपाटात मामांची, तुमच्या वडिलांची, बंदूक. लायसन माझ्या नावाचं, ते मी दाखवलं. फौजदार भला माणूस. नळीवर हळदकुंकू बघून त्याने आधी बूट काढले, मग जप्ती केली. पंचनाम्यात 'झेंडूच्या माळेसह' असं लिहिलंय.

सरकारी वकिलांचं म्हणणं, ही बंदूक गांजाच्या धंद्यासाठीच बाळगली होती. ते सिद्ध झालं तर पोर फार वर्षं आत राहील. मी आमच्या वकिलांना म्हटलं, सिद्ध कसं होणार? तिचा घोडा मामांच्या हयातीतच मोडलेला; आमच्या घरात तिला उंदीरसुद्धा भ्यालेला नाही. पण पुरावा घरातूनच गेला, अण्णा. खंडेनवमीला ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं पाटावर मांडायचं, ही आपली रीत. मी स्कूटरची किल्ली ठेवली, शालनची कात्री ठेवली (शिलाईचं मशीन पाटावर मावेना), बंदूक तर दरवर्षीचीच. रोशनचा मसाला तोलायचा छोटा काटा राहिला होता. "अप्पा, काटा राहू दे," तो म्हणाला. मला वाटलं, लाजतोय. मीच जाऊन आणला, बंदुकीला टेकवून ठेवला, दोघांना मिळून एक हार घातला. शालनने फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तुम्ही हात जोडले होते.

तो फोटो कोर्टात दाखवून सरकारी वकिलांनी मला विचारलं, "आयुधपूजेला काय ठेवता, स्वल्प सांगा." मी छातीठोकपणे सांगितलं, "ज्याच्यावर पोट चालतं ते." ते म्हणाले, "सरी," म्हणजे बरं, आणि खाली बसले. आमच्या वकील वीणाबाईंनी डोळे मिटून घेतले. ज्या धंद्याचा काटा त्याच धंद्याची बंदूक, हे पोराच्या बापानेच सांगून टाकलं होतं. पोराचं बरं व्हावं म्हणून केलेली पूजा हो ती.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
योगीराज

ता.क. बंदूक तपासणीला गेली होती. घोडा शाबूत, नळीला ताजं तेल, बार नीट उडतो, असा निकाल आलाय. मोडक्या घोड्याच्या जागी नवा कधी आणि कोणी बसवला, हे कोणी विचारायच्या आत तुम्ही साक्षीला यावं, आणि वडिलांच्या वेळेपासून बंदूक चालूच होती असं सांगावं, असं वीणाबाई म्हणतात. तेव्हा वर मी घोड्याचं जे लिहिलंय ते वाचून फाडून टाका. तिकीट मी काढतो.

ता.क. आणखी एक. शालनला यातलं काही बोललो नाही. मामा गेल्यावर बंदूक तुमच्याच हातून मला मिळाली. तेव्हा घोडा मोडलेलाच होता ना? कोर्टात काय सांगायचं ते सांगा, मला मात्र खरं कळवा. नाही, राहू दे. मला काही कळवू नका. नुसते या.