पंचवीस किलो

बाबा, तुमचा तो फ्रेंच टेनिसवाला खेळायचा थांबला. का थांबला ते कुठे लिहिलेलं नाही. गोव्यात एका हॉटेलात मी पाहुण्यांच्या गाड्या धुवायचो, तिथल्या ऑफिसातला कॉम्प्युटर दुपारी मोकळा असायचा, तेव्हा एकदा सहज त्याचं नाव टाकलं. त्याच्याच देशातल्या कुठल्यातरी लहानशा गावात पहिल्या फेरीत हरला, ही शेवटची ओळ. तिच्याखाली काही नाही. मी उगाच पान खाली ओढत राहिलो, जणू खाली कुठेतरी तो अजून धावत असेल. तुम्ही असता तर लगेच म्हणाला असता, "खांदा असणार." तुम्ही नव्हता, म्हणून मीच म्हटलं, खांदा असेल. मग मॅनेजरने हाक मारली आणि मी बादली उचलली. त्यालाही आता बरेच दिवस झाले. तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून आज लिहायला बसलोय. कुठे बसलोय ते शेवटी सांगतो, नाहीतर तुम्ही पुढचं ऐकायचाच नाहीत.

तुम्ही क्लबात बॅडमिंटनच्या रॅकेटना गटिंग करायचात. तुटलेल्या तारा कापून काढायच्या, रॅकेट मशीनवर आवळून बसवायची, नवी तार ओवायची, सांगितलेल्या पौंडाला ओढायची आणि शेवटी अंगठ्याने दाबून बघायचं. तुमचा तो अंगठा घरी आल्यावरही सुट्टी घ्यायचा नाही. बसची सीट दाबायचात, आईची कपड्यांची दोरी दाबायचात, एकदा तर वरच्या मजल्यावरच्या गुजराती भाभीने दिलेल्या ढोकळ्यावर अंगठा ठेवलात आणि आईने हातावर चापट मारली. मी दुसरीत की तिसरीत असताना मला एक जुनी रॅकेट आणून दिली होतीत, उरलेल्या तुकड्यांतून विणलेली, अर्धी पांढरी, थोडी निळी, एका कोपऱ्यात लाल. आपल्या इंद्रलोकमधल्या पोरांनी तिला गोधडी नाव ठेवलं. मी ती फिरकीभर मांजाच्या बदल्यात देऊन टाकली, आणि तो मांजाही दोन दिवसांत कोणीतरी कापला. असो, मी भलतीकडेच निघालो.

फ्रेंचच्या वेळी मी तिथे नव्हतो, पण आपल्या स्वयंपाकघरात ती गोष्ट इतक्या वेळा ऐकलीय की आता मला दिसते. शिमगा आलेला आहे. टेनिसच्या कोर्टावरचा गटिंगवाला आपल्याच कोकणातला, खेडकडचा. दारात पालखी येणार म्हटल्यावर तो सुट्टी मागत नाही, सांगून निघून जातो. क्लबातले आपल्याकडचे सगळेच गेलेत. आपल्या भावकीत मयत झालेलं, त्या वर्षी आपल्या दारात पालखी यायची नाही, म्हणून तुम्ही एकटेच मागे राहिलेले. आणि नेमकी त्याच आठवड्यात परदेशी खेळाडूंची स्पर्धा. नावाजलेले नाहीत, नावाजायला निघालेले. सेक्रेटरी तुम्हाला म्हणतात, "रॅकेट ती रॅकेट. जरा मोठी आहे एवढंच. बसा." तुम्ही बसता. सकाळी पहिली रॅकेट येते ती त्याची. उंच, उन्हाने नाक सोललेलं. इंग्रजी त्याचंही बेताचं, तुमचंही. तो चिठोऱ्यावर आकडा लिहितो, पंचवीस. तुम्ही मान हलवता. बॅडमिंटनला पंचवीस पौंड म्हणजे चांगलं घट्ट, तुमच्या रोजच्या हातातला आकडा. तुम्ही ओढता, गाठी मारता, अंगठा ठेवता, तर अंगठा आत जातो. "हाताला कळत होतं रे," तुम्ही सांगायचात, "पण म्हटलं मोठी रॅकेट, साहेबलोकांचा खेळ, असेल असंच. त्याने लिहिलंय ना."

रॅकेट घेऊन तो कोर्टावर जातो. थोड्या वेळाने दुसऱ्या कोणाची रॅकेट येते, तिच्यासोबत आकडा असतो पंचावन्न. तिसरीसोबत सत्तावन्न. तुम्ही हातातली तार टाकता आणि कोर्टाच्या जाळीशी जाता. तो दुसऱ्याच रॅकेटने खेळतोय, तुम्ही केलेली अजून त्याच्या पिशवीत आहे. एक सेट त्याने घेतलेला, एक गेलेला. तुम्ही जाळीत बोटं अडकवून देवाला सांगता, ती तेवढी बाहेर यायला नको. तिसऱ्या सेटमध्ये त्याच्या हातातली तार तुटते. तो पिशवीकडे जातो. इथे तुम्ही नेहमी थांबायचात, पाणी प्यायचात. मग एक चेंडू मागच्या जाळीवर. एक पंचांच्या डोक्यावरून. एक थेट बाहेर, पार्किंगमध्ये. हरल्यावर तो तुमच्या टेबलाशी येतो आणि तुम्ही उभे राहता, नोकरी गेली असं धरूनच. तो रॅकेट ठेवतो आणि तारा अंगठ्याने दाबतो, अगदी तुमच्यासारखं. चिठोरा अजून तिथेच पडलेला. तो पेन घेतो आणि पंचवीसच्या पुढे इंग्रजीत के जी एवढंच लिहितो. त्यांच्याकडे तार किलोत ओढतात. मग तो हसतो, हात पुढे करतो आणि तुम्ही तो दोन्ही हातांनी धरता. सेक्रेटरीकडे तो जात नाही, कोणाकडेच जात नाही. "ओरडला असता तर सुटलो असतो," तुम्ही म्हणायचात. आई चुलीकडूनच म्हणायची, "किलोत? रॅकेट ती, बटाटे नव्हेत."

तेव्हापासून तो आपल्या घरात राहायलाच आला. भाभीकडे इंग्रजी पेपर यायचा, तो वाचून झाला की संध्याकाळी तुम्ही जिना चढून आणायचात. तुम्हाला इंग्रजी वाचता यायचं नाही, पण त्याच्या नावाचा आकार पाठ होता, पहिलं अक्षर आणि शेवटची दोन. वर्षातून चार मोठ्या स्पर्धा, त्यांच्या निकालांचे मुंगीएवढे रकाने. तिथे तो सापडला की तुमची भाकरी थंड व्हायची. भाभी दारातूनच विचारायची, "भाई, आजे तमारो फ्रेंच जीत्यो के नहीं?" आणि तुम्ही म्हणायचात, "खेला, भाभी. अच्छा खेला," म्हणजे हरलेला असायचा. केबलवर टेनिस लागलं की तुम्ही मॅच बघायचाच नाहीत, पडद्याच्या तळाला बाकीच्या कोर्टांचे स्कोअर सरकत जातात ती पट्टी बघायचात. आई म्हणायची, "मधली पोरं मरमर धावतायत आणि ह्यांचं लक्ष पट्टीवर." एका उन्हाळ्यात, त्यांच्या देशातल्या मोठ्या स्पर्धेत, तो दोन फेऱ्या पुढे गेला. तुम्ही कोपऱ्यावरून जिलेबी आणलीत आणि आख्ख्या मजल्याला वाटलीत. कशाबद्दल ते कोणाला नीट सांगता आलं नाही. खालचे काका म्हणाले, "पोरगा पास झाला वाटतं?" पोरगा म्हणजे मी, मी तेव्हा दहावीला दुसऱ्यांदा बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "होय होय." रात्री जेवताना मात्र भाकरी बाजूला सारलीत. "मुंबईला ती मॅच काढली असती तर तो आज कुठच्या कुठे असता," म्हणालात. गोड खाऊनही तुमचं तोंड कडूच.

मग मी घर सोडून भटकायला लागलो. म्हणजे सोडलं असं नाही, रात्री कधी यायचो, कधी नाही. थोडे दिवस कुरिअर, थोडे दिवस मांडववाल्याकडे, मग मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये एका सायबर कॅफेत राखणीला. तिथे टेबलावर बसून पोरं चॅटिंग करायची आणि मी त्यांच्या खांद्यावरून शिकायचो. एके दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मालक म्हणाला, "टाक ना काहीतरी." मला दुसरं काही सुचेना, मी तुमच्या फ्रेंचचं नाव टाकलं. बाबा, सगळं होतं. त्याने आयुष्यात खेळलेली एकूण एक मॅच, गाव आणि स्कोअर, एकाखाली एक. आपली मुंबईची मॅचही होती, एका ओळीत. तिच्यावरच्या तीन ओळींत तीन वेगळी गावं, तिन्हीकडे पहिल्या फेरीत गेलेला. खालीही तेच. मध्ये कुठेतरी एखादं जिंकणं, मग पुन्हा रांग. मला वाटलं, मी तुम्हाला एवढी मोठी गोष्ट नेऊन देतोय, ह्याच्या आधी कधी काही दिलं नव्हतं. मी सिल्व्हर पार्क ते इंद्रलोक चालत आलो, वाटेत कुठे रेंगाळलो नाही, तुम्हाला पटणार नाही पण नाही रेंगाळलो.

तुम्ही जेवायला बसला होतात. सुकटीचा वास जिन्यापर्यंत येत होता. मी चप्पल काढता काढताच म्हटलं, "बाबा, तो तसाही हरायचाच."

"कोण?"

"फ्रेंच. मुंबईच्या आधी तीन ठिकाणी पहिल्याच फेरीत गेलेला. नंतरही तेच. सगळं लिहिलेलं असतं आता कॉम्प्युटरवर. तुमचा काही संबंध नाही त्यात. उगाच इतकी वर्षं डोक्याला ताप."

भाकरीचा तुकडा तुमच्या हातात तसाच राहिला. "तिसऱ्या सेटपर्यंत आलेला तो."

"बाकीच्या ठिकाणीपण आलेला की."

"तू होतास तिथे?"

"नाही, पण तिकडे लिहिलंय."

"मी होतो."

आई म्हणाली, "जेवू दे त्यांना." तुम्ही जेवला नाहीत. माझ्याकडे बघितलंत, रागाने नाही, तारेत खोट आहे का बघायचात तसं. "शाळा अर्धी सोडलीस," म्हणालात, "नोकऱ्या अर्ध्या सोडल्यास. आणि हे तेवढं शेवटपर्यंत वाचून आलास." मग ताटातच हात धुतलेत. उठताना, आम्हाला नाही, भिंतीला म्हणावं तसं म्हणालात, "म्हणजे मी कोणाचं काहीच केलं नाही."

मला ते कळलंच नाही तेव्हा. चूक तुमची नाही म्हटल्यावर माणूस खूश होतो, असं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पेपर आणायला वर गेला नाहीत. भाभी स्वतः खाली आली, पेपर नीट घडी घालून. तुम्ही म्हणालात, "रहने दो भाभी, अभी टाइम नहीं मिलता." क्लबातून आल्यावर तुम्हाला वेळच वेळ असायचा, हे तिलाही माहीत होतं. टीव्ही तुम्ही लावायचात. त्या उन्हाळ्यातही टेनिस लागलं, खाली पट्टी सरकत होती, आणि तुम्ही मधली मॅच बघत होतात, सगळे बघतात तशी. आई एकदा मला हळूच म्हणाली, "तू काय सांगितलंस रे त्यांना?" तिला सगळं माहीत होतं, ती तिथेच होती. तरी विचारलं.

पुढच्या वर्षी तुम्हाला कावीळ झाली आणि ती उतरलीच नाही. शेवटी शेवटी भाईंदरच्या दवाखान्यात तुमचे डोळे हळदीसारखे. मी खाटेशी बसलेलो. तुम्ही सलाइनची नळी अंगठ्यात आणि बोटात धरून जरा ओढून बघितलीत. "ढिली आहे," म्हणालात. नर्स म्हणाली, "काका, ती ढिलीच असते. सोडा." तुम्ही लगेच सोडलीत. मी तेव्हा ठरवलं होतं बोलायचं, की बाबा, तिसरा सेट तुमच्यामुळेच गेला, तुमची रॅकेट नसती तर मुंबईत तो जिंकला असता, मग पुढचं सगळं वेगळं झालं असतं. खरं असेलही, कोणास ठाऊक, मी कुठे तिथे होतो. पण तेवढ्यात आई डबा घेऊन आली, आणि मग तुम्ही झोपलात, आणि मी खाली चहा प्यायला गेलो तो जरा लांबच गेलो.

आता कुठे बसलोय ते सांगतो. चेण्याच्या अलीकडे, घोडबंदर रोडवर, एका ढाब्याच्या मागे. सध्या टेम्पोवर आहे. चालवत नाही, माल बांधतो. हो, हेही अर्धंच सोडणार मी, तुमचं खरं आहे. मघाशी ताडपत्रीची दोरी ओढली आणि सवयीने अंगठ्याने दाबून बघितली. ड्रायव्हर म्हणाला, "क्या दबा रहा है, आम है क्या?" मग जेवताना त्याने तेच विचारलं जे सगळे विचारतात, तेरे पप्पा क्या करते थे.

हे पत्र टाकायला कुठे पत्ता नाही, त्यामुळे एक कबूल करायला हरकत नाही. मी लोकांना गटिंगचं सांगत नाही. मी सांगतो, माझ्या बापाने फ्रान्सच्या एका मोठ्या खेळाडूला हरवलं. गोव्यात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती पहिली फेरीच होती, खरी होती तशी. मग वापीला एकाला सांगताना ती तिसरी झाली. नाशिकला सेमीफायनल. ड्रायव्हरने विचारलं, "अकेले ने हराया?" मी म्हटलं, "अकेले ने. बैठे बैठे." तो हसला, डाळीत पाव बुडवला आणि म्हणाला, "कौनसा मैच था?"

"फाइनल," मी म्हटलं.