लक्षात ठेवायचा खेळ

सुलतानपूर,
३ जून २०२५

चि. समतास,
आबाजीचा सप्रेम जयभीम.

तुझी तब्येत कशी आहे? तुला ऊन सोसत नाही, ताक पीत जा. प्रसेनजितरावांची पाठ धरली होती, ती सुटली का? सासऱ्यांची साखर? सासूबाई आशाबाईंचा गुडघा? त्यांचा राग विचारायची हिंमत नाही.

इकडे आजी ठीक. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी. सोयाबीनचं बियाणं घरात येऊन पडलं आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितो. न उचलणं बरोबरच आहे तुझं.

मोबाईलमधला तो डोकं तल्लख करायचा गेम काढून टाकला. चित्रं पाहायची, झाकली की कोणतं कुठं होतं ते सांगायचं. मी रोज वरची पायरी चढायचो आणि विहारात सगळ्यांना दाखवत फिरायचो. देवानंद म्हणायचा, "इंद्रभानभाऊ, आता कलेक्टरच्या परीक्षेले बसा!" तू एकटीच म्हणालीस, "आबाजी, गेम खेळून माणूस गेमातच हुशार होते. काल तुम्ही चहात मीठ टाकलं. डॉक्टरले दाखवू."

"कालची पोरगी मले शिकवून राह्यली!" असं मी म्हणालो. सगळ्यांसमोर.

गावातली लग्नं मीच लावतो; तेव्हा नवरा-नवरीची नावं चिठ्ठीवर लिहून हातात धरायची, ही माझी कायमची रीत. तुझ्या लग्नात तुझ्या आईनं चिठ्ठी पुढं केली, तर मी हसून परत केली. एवढी चित्रं ध्यानात ठेवणाऱ्याला नातजावयाच्या नावाची चिठ्ठी कशाला?

आणि प्रतिज्ञा देताना तोंडातून हर्षलचं नाव गेलं. तुझ्या आधीच्या, मोडलेल्या सोयरिकीचं. माइकवरून, भरल्या मांडवात. प्रसेनजितरावांनी मान खाली घातली. आशाबाई म्हणाल्या, "पोरीच्या मनात कोण हाय, आज्यानंच सांगून टाकलं."

तेव्हाच चूक कबूल केली असती तर निभलं असतं. मी म्हणालो, "चिठ्ठीत तसंच लिहिलं होतं."

माझ्या हातात चिठ्ठी नव्हतीच, पोरी. माझी अब्रू राखायला मी तुझ्या आईवर ढकललं, आणि तुझ्या सासरी खरंच वाटलं की आपल्या घरात अजून हर्षलचंच नाव चालतं. तुझी आई सारिका तेव्हापासून माझ्याशी बोलते, पण जेवायला वाढण्यापुरतं.

आणखी एक. आजीलाही सांगितलं नाही. परवा देऊळगाव राजाच्या स्टँडवर मी बसून राहिलो. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, कुठं जायचं?" आणि मला गावाचं नाव येईना. माझं, जिथं जन्मलो त्या गावाचं.

हे पत्र आशाबाईंना वाचून दाखव. प्रसेनजितरावांसमोर वाच, एक ओळ न गाळता. त्या म्हणतील तर मी मेहकरला येऊन चार माणसांत सांगतो. डॉक्टरकडेही येतो. तू सोबत चल, एकट्याला भीती वाटते.

राग असेल तर रागाचंच लिही. पण लवकर लिही, पत्र कोणाचं आहे हे मला कळतंय तोवर.

तुझा अपराधी,
इंद्रभान आजा