वळणावरचं सोंग

प्रिय मुकादमबाई,

मी बरा आहे, कंबरही बरी आहे. आज एका गिऱ्हाइकाचा फ्रिज चार मजले चढवला, साधा ओरखडा नाही. तुझी झोप होते का?

तू लिहिलंस, आपल्या ठकीच्या पायांत आता जोरच उरला नाही, म्हणून तुझा भाऊ तिला उचलून जिना चढवतो आणि त्याला पाहिलं की ती हात पसरते. वाचून बरं वाटलं, असं लिहिणार होतो. खोटं कशाला लिहू? जळफळाट झाला. मी इथे लोकांची कपाटं वाहतोय आणि माझी लेक त्याच्या खांद्यावर! त्याची दोन्ही पोरं पायऱ्या गाळत पळतात. आजार आपल्या दोघांच्या रक्तातून उतरला म्हणे. त्याच्याच घरात का नाही उतरला गं?

जिन्याच्या वळणावर मी पाय घसरल्याचं सोंग करायचो आणि ती खिदळायची. तेवढं त्याला शिकवू नकोस. ते माझं आहे.

पण डॉक्टर म्हणाले होते ना, पुढे तिचं हसूही जाईल. मी येईपर्यंत राहील का?

शिकव त्याला. ती हसली, तर मला मात्र कळवू नकोस.

ठकीचा पहिला हमाल