नीलकंठचा पाय आधी भरला

तीर्थरूप आईच्या पायी डोकं ठेवतो.

मी बरा आहे. भाताची पेज सांडून पाय भाजला होता, ती जखम भरत आहे. हळू भरते एवढंच. तुझ्या गुडघ्याला तेल कोण लावून देतं?

माझ्या खोलीत राहणारा नीलकंठ त्याच आठवड्यात स्कूटरच्या सायलेन्सरने भाजला. त्याच्या पायावर नवी कातडीही आली. तो रोज मशरूमची, म्हणजे आपल्या अळंबीची, भाजी खातो. पट्टी करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मशरूममध्ये एक अमिनो आम्ल असतं, ते पेशींची झीज रोखतं आणि जखम भरायला मदत करत असावं. पण हे अजून पक्कं नाही.

चातुर्मासात अळंबी खायची नाही, हा तू लावलेला नियम मी इथेही पाळतो. नीलकंठ हसतो, "काहून अडून राहिले भैया? नर्मदा मैया थाली में झाँकती है क्या?"

काल इथे नर्मदेच्या ग्वारीघाटावर हा देव न मानणारा माणूस निवळलेल्या पाण्यात डुबक्या मारत होता आणि रोज जप करणारा मी ओल्या पायऱ्यांपासून दूर उभा होतो. आई, त्याची जखम पुन्हा चिघळावी असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात त्याने ओंजळीत पाणी आणून माझ्या चांगल्या पायावर घातलं. मला लाज वाटली, तरी हेवा गेला नाही.

अळंबी खाऊ का, ते कळव. तू हो म्हटलंस तरी मी बहुधा खाणार नाही. पण तू हो म्हणावंस.

तुझा,
गुणवंत